कादंबरी लिहायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? पैसे भरण्याआधी हे तपासा

कादंबरी किंवा प्रबंध एकाच फाइलमध्ये लिहायला घेतला, की काही प्रकरणांनंतर गोंधळ सुरू होतो. कोणता प्रसंग कुठे आहे? टिपणं कुठे ठेवली? शेवटचा मसुदा कोणता? मग नवं सॉफ्टवेअर शोधायला सुरुवात होते.

पर्याय कोणते?

स्क्रिव्हनर खास अशाच लेखनासाठी बनलं. 2007 मध्ये ते मॅकवर आलं, नंतर विंडोजवरही. त्यात प्रत्येक प्रसंग वेगळा ठेवता येतो, क्रम बदलता येतो आणि शेवटी सगळं जोडून एक फाइल मिळते. पैसे एकदाच भरायचे, पण शिकायला वेळ लागतो.

युलिसिस फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालतं. 2017 मध्ये ते सबस्क्रिप्शनवर गेलं.

गूगल डॉक्स मोफत आहे. 2024 पासून त्यात टॅबही आले, म्हणजे एकाच डॉक्युमेंटमध्ये प्रकरणं वेगळी ठेवता येतात.

वर्डमध्येही प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल दिली, तर नेव्हिगेशन पेनमधून अख्खं प्रकरण ओढून हलवता येतं. अनेकांचं काम एवढ्यावरच भागू शकतं.

मग खरा प्रश्न कोणता?

सोयी नव्हे, तर मजकूर कुणाच्या ताब्यात आहे, हा. 31 ऑक्टोबर 2017 रोजी गूगल डॉक्सच्या काही युजर्सना त्यांचीच डॉक्युमेंट्स उघडेनात. नियमभंग झाल्याचा संदेश दिसत होता. चूक यंत्रणेची होती, हे गूगलने नंतर मान्य केलं.

मराठीत या प्रश्नाची दुसरी बाजू जुनीच आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक फॉण्टची रचना वेगळी होती. तेव्हा टाइप केलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून घेतला, तरी जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. फाइल असते, पण वाचता येत नाही.

निवडायचं कसं?

आधी एकच प्रकरण युनिकोडमध्ये लिहा. ते वर्ड फाइल म्हणून बाहेर काढा आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा. जोडाक्षरं, परिच्छेद आणि तळटिपा जागेवर आहेत का, ते बघा. सबस्क्रिप्शन संपल्यावर जुनं लेखन उघडता येईल का, हेही आधीच वाचून घ्या.

यात जे सॉफ्टवेअर पास होईल, ते घ्यायला हरकत नाही. कोणतंही घेतलं, तरी दर आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर हवीच.