दुःख, धम्म आणि दुसरबीडचा रस्ता

सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड लागते. २० ऑगस्ट २०२१ रोजी या गावाजवळ, तढेगाव परिसरात, समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना घेऊन जाणारा टिप्पर उलटला. त्यात लोखंडही भरलेले होते. माणसे आणि माल एकाच मापाने वाहून नेले जात होते; तेरा मजूर मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी सांत्वनाचे जे शब्द सर्वप्रथम ओठांवर येतात ते ‘नशीब’ आणि ‘भोग’. या शब्दांनी सर्वाधिक सोय कोणाची होते, हे श्रमिकांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यास सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी झगडा मांडला तो नेमका याच शब्दांशी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा त्यांचा मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. गतजन्मीच्या कर्मामुळे या जन्मीचे दैन्य वाट्यास येते, हा सिद्धान्त त्यात त्यांनी झिडकारला आहे. दैन्य पूर्वसंचिताच्या खाती टाकले की समाज आणि राज्यसंस्था दोन्ही जबाबदारीतून मोकळी होतात, हा त्यांचा आक्षेप होता. धम्माचा मध्यबिंदू ईश्वर नव्हे, आत्माही नव्हे. माणूस आणि माणसाचा माणसाशी असलेला संबंध हाच तो मध्यबिंदू. जगण्याला अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर मग आकाशात शोधण्याचे कारणच उरत नाही.

आज हे उत्तर बहुधा मौनात शोधले जाते. समृद्धी महामार्ग ज्या इगतपुरीवरून मुंबईकडे उतरतो, तेथे १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. स्वतःच्या मनाकडे सावधपणे पाहण्यात गैर काहीच नाही. संतापी आणि अहंमन्य कार्यकर्त्यांनी चळवळीचे किती नुकसान केले, हे आठवले तर ती साधना पुष्कळांना उपयोगीच पडेल! परंतु शिबिरातून परतलेला कंत्राटदार अकराव्या दिवशी मजुरांशी कसा वागतो, हा प्रश्न उरतोच.

विदर्भातील खेडोपाडी वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांतून बाबासाहेबांच्या या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर सोयाबीन निंदून आलेल्या स्त्रिया तेथे बसून ऐकतात. याच ग्रंथात गृहस्थांच्या विनयाचे प्रकरण आहे. त्याचा आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त. सकाळी उठून सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणास बुद्ध सांगतात की दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे मायबाप, दक्षिण म्हणजे गुरू, आणि पायाखालची दिशा म्हणजे राबणारे हात. त्या दिशेचे पूजन कसे करावयाचे? काम शक्तीनुसार द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुटी द्यावी. दुसरबीडच्या रस्त्यावर त्या दिवशी ही खालची दिशा लोखंडाबरोबर चालली होती.

अर्थात या सुत्तात मालक मालकच राहतो. मालकी कोणाची असावी, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. त्यातून समाजवाद काढू पाहणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल. तो प्रश्न बाबासाहेबांनी टाळला नाही. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांना समोरासमोर आणले. शोषणाचा अंत हे दोघांचेही साध्य. मात्र बळजबरी व हुकूमशाही हे साधन त्यांना मान्य नव्हते. माणसाचे मन पालटले पाहिजे, हा बुद्धाचा मार्ग त्यांनी अधिक टिकाऊ मानला. पुढे सोळा दिवसांत ते गेले आणि हा संवाद अर्धाच राहिला. त्यानंतर पक्षाच्या कार्यकर्त्याने विहारातील वाचनाकडे धर्मकारण म्हणून पाठ फिरविली, तर विहारातील पुष्कळांनी युनियनला परकी मानले. दोघांचेही चुकलेच.

या दुराव्याची किंमत कार्यकर्त्यानेही मोजली आहे. शिधापत्रिकांचे अर्ज, थकलेली मजुरी, तहसील कचेरीतील खेटे, बैठकीला आलेली चार माणसे यांत वर्षे सरतात. परिवर्तन काही दिसत नाही आणि मन विटते. कोणत्याही अंतिम विजयाच्या हवाल्याशिवाय दुःखनिवारण हेच ज्या विचाराने प्रयोजन मानले, त्यात या विटलेपणावर उतारा आहे. एका विधवेची अडलेली भरपाई मिळवून देणे ही मग क्रांतीची पूर्वतयारी न राहता स्वतःच पुरे असे काम होते.

येथील जिजामाता सहकारी साखर कारखाना कधीच बंद पडला. हात रिकामे आहेत. रात्री वाचन संपते, आणि सकाळी तोच श्रोता रस्त्याकडेला उभा राहतो. समोर सळ्या भरलेला टिप्पर येऊन थांबतो, वरून आवाज येतो : “चढा.” माणसांसाठी निराळी गाडी आणा, असे सांगण्यास एकट्याचे बळ पुरत नाही. त्रिशरणातील तिसरे शरण संघाचे आहे. रात्री ते सर्वांनी मिळून म्हटलेले असते.