मंदीचा मुहूर्त पाहणाऱ्या मित्रांना

आमच्या पक्षातील काही मित्रांना अलीकडे पंचांग पाहण्याची सवय जडली आहे. मंदी केव्हा येणार, निवडणुकीच्या आधी की नंतर, आणि तिचे खापर कोणाच्या माथी फुटणार, याची चर्चा अभ्यासवर्गांत इतक्या उत्साहाने चालते की, मंदी ही आपलीच अधिकृत उमेदवार असावी असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने सांगितले पाहिजे की, असा मुहूर्त काढून देणारे शास्त्र आमच्यापाशी नाही.

अमेरिकेत मंदीच्या आरंभाची व अखेरीची तारीख ठरविणारी अर्थतज्ज्ञांची एक समिती आहे. जुलै १९९० मध्ये सुरू झालेली मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, हे या समितीने डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर केले. तोवर, नोव्हेंबरातच, थोरले बुश निवडणूक हरून बसले होते! होऊन गेलेली मंदी संपली हे कळावयास जेथे एकवीस महिने लागतात, तेथे न आलेल्या मंदीची तिथी कोण सांगणार? आमच्याकडेही तीच गत. २०२०-२१ साली देशाचे उत्पादन ७.३ टक्क्यांनी घटल्याचे मे २०२१ मध्ये सांगण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये ती घट ६.६ झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८.

आता खापराविषयी. १९७९ च्या दुष्काळात धान्योत्पादन सुमारे १३ कोटी २० लाख टनांवरून ११ कोटी टनांच्या खाली घसरले. इराणातील क्रांतीनंतर तेल भडकले. १९७९-८० साली राष्ट्रीय उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घटले. पाऊस काही जनता पक्षाने अडविला नव्हता. परंतु जानेवारी १९८० च्या निवडणुकीत कांद्याच्या भावासकट सारे काही जनता राजवटीच्या नावे जमा झाले. आमचे पाप नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी १९७९ च्या अंदाजपत्रकात चरणसिंगांनी अप्रत्यक्ष करांचा बोजा वाढविला, आणि जुलैत सरकार पडले ते आपसांतील भांडणांनी. त्या भांडणांत समाजवाद्यांचा वाटा लहान नव्हता. संकट आले तेव्हा उत्तर द्यावयास घरात कोणी उरलेच नव्हते.

याउलट २०२० पाहा. अर्थमंत्र्यांनी त्या ऑगस्टमध्ये संकटाला 'देवाची करणी' म्हटले. महामारीपुरते ते मान्य करू. परंतु २०१६-१७ मध्ये आठ टक्क्यांच्या वर असलेला वाढीचा वेग २०१९-२० मध्ये चार टक्क्यांच्या आत आला होता, आणि त्या वर्षातला टाळेबंदीचा काळ अवघ्या एका आठवड्याचा! म्हणजे १९७९ मध्ये दैवाचा दोष माणसांच्या नावे गेला आणि २०२० मध्ये माणसांचा दोष देवाच्या नावे. खापर कोठे फुटते हे अर्थव्यवस्था ठरवीत नाही. ज्याची संघटना गावोगाव बोलती आहे तो ठरवितो.

आणि हाल वाढले म्हणजे मते आपोआप फिरतात, हाही भ्रमच. २०१७-१८ मधील बेरोजगारीचा ६.१ टक्के हा आकडा सरकारने दाबून ठेवला. त्या प्रकरणी सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे बाहेर आला तो ३१ मे रोजी, मतमोजणी उरकल्यावर. सत्ताधारी पक्षाच्या जागा वाढल्या होत्या.

मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी १९७२ नंतर महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले ते भाकिताच्या आधारावर नव्हेत. तेल आणि धान्य कोणत्या दुकानात मिळत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्याच दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या हजेरीपटांवरून व मजुरीवरून भांडणे झाली, आणि महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला तो त्याच अनुभवातून.

पुढच्या अभ्यासवर्गास मला बोलाविणार असाल तर जरूर येईन. मात्र मालेगावच्या आणि इचलकरंजीच्या कार्यकर्त्यांनी बंद पडलेल्या मागांची मोजदाद करून आणावी. किती माग, कोणत्या महिन्यापासून, आणि त्यांवरचे कामगार आता कोठे आहेत, एवढे पुरे.