कासवाला नुसते पाणी पुरत नाही. उन्हात बसायचा ओटा घरी कसा बनवाल? आणि कुणी तो बनवूच नये?

शनिशिंगणापूर : देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव मराठी माणसाच्या ओळखीचे. त्याच श्रद्धेपोटी, शिवाय वास्तूच्या नावाखाली, अनेक जण जिवंत कासवही घरी आणतात. काचेची पेटी, थोडे रंगीत खडे, वीतभर पाणी, एवढ्यावर त्याची सोय झाली असे मानले जाते. हा समज कासवाच्या जिवावर बेततो.

आधी कासव ओळखा

भारतीय फ्लॅपशेल आणि स्टार कासव या दोन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. शेततळ्यात, विहिरीत किंवा मुळा-प्रवरेच्या काठी सापडलेले कासव घरी आणणे हाही गुन्हाच. त्याच्यासाठी ओटा बांधत बसू नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव मात्र परदेशी आहे. त्याचे नाव रेड-इअर्ड स्लायडर. पुढची माहिती ते आधीच घरात असलेल्यांसाठी.

ऊन कशासाठी?

कासव थंड रक्ताचे. अन्न पचवायला लागणारी ऊब ते बाहेरून घेते. उन्हातील यूव्हीबी किरणांमुळे त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडते, वाकडे वाढते. सतत ओले राहिलेल्या कवचाला बुरशी आणि जिवाणूंचा संसर्गही होतो. पेटी खिडकीत ठेवून भागत नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते.

ओटा कसा बनवाल?

- अंगणातील टबासाठी विटांचे भक्कम टेकू आणि त्यावर खडबडीत बाजू वर केलेली शहाबादी फरशी पुरते. फरशी हलता कामा नये. खाली अरुंद फट ठेवू नका. कासव हवेत श्वास घेते, अडकले तर बुडून मरते.
- पाण्यातून वर यायला उतार हवा, तोही तीस अंशांच्या आत आणि खरखरीत. गुळगुळीत टाइलवर नखे टिकत नाहीत.
- तरंगता ओटा करायचा तर हिशेब सोपा आहे. झाकण घट्ट लावलेली एक लिटरची रिकामी बाटली साधारण एक किलो भार पेलते. दीड किलोच्या कासवासाठी चार बाटल्या चार कोपऱ्यांना बांधा. एकाच बाजूला बांधल्या तर कासव चढताच ओटा उलटतो.
- थर्माकोल वापरू नका. कासव तो कुरतडून गिळते.
- पेटी घरातच ठेवायची असेल तर ओट्यावर उष्णतेचा आणि यूव्हीबीचा दिवा लागतो. ओट्याचे तापमान ३० ते ३५ अंश, पाण्याचे २४ ते २७ अंश असावे.

नगरच्या उन्हाचे काय?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. उथळ टब दुपारी भर उन्हात ठेवला तर कासव त्यात शिजेल. सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि अर्ध्या टबावर कायम सावली ठेवावी. फरशीवर तळहात टेकवत नसेल तर ती कासवालाही सोसणार नाही. शिंगणापुरात घरांना दारे नसण्याची परंपरा आहे, पण कासवाच्या टबाला जाळी हवीच. कावळा, मांजर, कुत्रा यांना ही परंपरा ठाऊक नाही. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

कंटाळा आला म्हणून नदीत?

खरा धोका इथे आहे. नाण्यापेक्षा जरासे मोठे असताना आणलेले हे पिल्लू २५ ते ३० सेंटिमीटर वाढते आणि २०-३० वर्षे जगते. पेटी अपुरी पडू लागली की पुण्य समजून ते नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडले जाते. पण जगातील सर्वात घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत स्लायडरचे नाव आहे. अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावून ते स्थानिक कासवांना हुसकावते. नेवाशाच्या कडेने जायकवाडीचे पाणी पसरले आहे. तिथे सोडलेले एक कासव परत शोधणे अशक्य आहे. त्याला मुक्त करणे म्हणजे फ्लॅपशेलच्या घरात घुसखोर सोडणे. जीवदया म्हणतात ती ही नव्हे.

त्यामुळे ज्यांच्याकडे कासव आहे त्यांनी या रविवारी ओटा जरूर बांधावा. त्याला फारसा खर्च येत नाही. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी तीस वर्षे पाणी बदलायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. नसेल तर सभामंडपातले दगडी कासव पुरेसे आहे.