वळवाची वीज आणि झाडाचा आसरा



चैत्र-वैशाखात जमीन तापते, गरम दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग गडगडू लागतात. आपल्याकडे हा वळीव, तर बंगालात कालबैसाखी. देशात दरवर्षी 2,000 हून अधिक माणसे विजेने दगावतात, बहुतेक खेड्यांतली.

वीज चमकली की आकडे मोजा. 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती 10 किलोमीटरांच्या आत आहे. लगेच औत सोडून पक्के घर गाठा. घर लांब असेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. झाडाखाली थांबू नका, बैलही तिथे बांधू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

कडब्याची गंजी भिजली तर भिजू द्या. कडबा पुन्हा होईल, माणूस नाही.