पेपर सर्वांना सारखाच, पण...

'सीईटी फेअर आहे का?' हा विषय मेसमध्ये निघाला की टेबलावर दोन पार्ट्या पडल्याच म्हणून समजा! एक म्हणते, "पेपर सारखा, वेळ सारखा, निगेटिव्ह मार्किंग नाही. अजून काय पाहिजे?" दुसरी म्हणते, "सगळा क्लासवाल्यांचा खेळ!" माझ्या मते दोन्ही अर्ध्याच बरोबर आहेत.

सीईटी नकोच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने 2020 मध्ये सॅटची अट काढली आणि 2022 मध्ये परत आणली. कारण काय, तर परीक्षाच नसली की साध्या शाळेतली हुशार मुलं ओळखणं उलट कठीण जातं. म्हणजे परीक्षा हवीच. प्रश्न आहे तो ती कोणाला सोयीची पडते याचा.

माझं गाव कुणकेश्वर, पण शिक्षण शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. माझा चुलतभाऊ गावीच मराठी शाळेत शिकला. गणितात तो माझ्यापेक्षा नक्कीच पुढे. सीईटी येते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन हापूसच्या सीझनला. मी तेव्हा एसी क्लासमध्ये मॉक टेस्ट देत होते आणि तो सकाळी बागेत, दुपारी पेट्या भरायला! कॉम्प्युटरवर पेपर कसा सोडवायचा हेही त्याने थेट सेंटरवरच पाहिलं.

पण खरा घोळ पुढेच आहे. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतही मिळतात. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत! 2025 लाही तसंच होतं. गंमत बघा, जेईई मेन ही देशाची परीक्षा 2021 पासून 13 भाषांत होते, त्यात मराठी आहे आणि गणितही आहे. म्हणजे दिल्लीला जमतं ते मुंबईला जमत नाही!

काही जण म्हणतील, अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतच तर शिकवतात. मान्य. पण 90 मिनिटांत 50 गणितं, म्हणजे एका गणिताला 108 सेकंद. दहा वर्षं मराठीत शिकलेल्याचे त्यातले किती सेकंद नुसते वाचण्यात जातात? भाऊ म्हणाला होता, "गणित येता गो माका, पण वाचूकच येळ जाता." आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला 2 मार्क, इतर दोन विषयांत 1. म्हणजे फटका बसतो तो नेमका सर्वात महाग पेपरात.

दुसरी गोष्ट बारावीची. 2025 ला कोकण बोर्डाचा निकाल 96.74 टक्के, राज्यात पहिला. पण आज इंजिनीअरिंगला ओपनमधून पीसीएमला 45 टक्के मिळाले की बारावीचं काम संपलं! 2014 आणि 2015 ला आपल्याकडे जेईई मेन आणि बारावी असं निम्मं-निम्मं धरून प्रवेश झाले होते. 2022 मध्ये तेव्हाचे मंत्री उदय सामंत यांनी सीईटीसाठीही तशीच घोषणा केली, ती प्रत्यक्षात आली नाही. बोर्डात कॉपी चालते, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून निम्मं नको, पण थोडं तरी वजन द्या. वर्षभर वर्गात बसून केलेल्या अभ्यासाला काहीतरी किंमत हवी की नको?

तेव्हा मागण्या दोनच: गणिताचा पेपर मराठीतही द्या आणि बारावीला थोडं वजन द्या. यासाठी ना नवी बिल्डिंग लागते, ना मोठं बजेट.

आणि मित्रांनो, सरकार करील तेव्हा करील, आपण काय करणार? हॉस्टेलमधले निम्मे जण अशाच गावांतून आलेत. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या ज्युनिअर कॉलेजमध्ये दोन दिवस जावं. लॅपटॉपवर एक मॉक टेस्ट घ्यावी आणि गणितातले नेहमीचे इंग्रजी शब्द समजावून द्यावेत. माझ्याबरोबर देवगडला कोण येतंय? नावं मला मेसमध्ये सांगा. जेवणाची सोय आमच्या घरी, आणि सोलकढी हवी तेवढी!