नियतकालिकांचे नामांतर

नियतकालिकाचे नाव ही चालकांची खासगी मालमत्ता असून ती त्यांनी वाटेल तेव्हा बदलावी, असे म्हणणारे विद्वान आपल्यात पुष्कळ आहेत. आम्हांस हे मत मुळीच मान्य नाही. अंक वर्गणीदाराच्या हाती पडला की त्याचे नाव ग्रंथालयाच्या सूचीत व लेखकांच्या तळटीपांत जाऊन बसते. मग ते एकट्या चालकांचे कसे?

१९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढे नुसती ‘किर्लोस्कर’ झाली. कारखान्याचे पत्र साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाल्यावर जुना अंगरखा आखूड पडला. त्यास कोण दोष देईल? पण ‘खबर’ हा शब्द केवळ पत्राचा प्रकार सांगतो, की तो नावाचाच अवयव आहे, हा पेच सूचीकाराच्या गळ्यात पडतो तो पडतोच.

याहून गंभीर उदाहरण ‘जनते’चे. डॉ. आंबेडकरांचे हे पत्र १९३० साली निघाले आणि १९५६ च्या फेब्रुवारीत ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरास धर्मांतर झाले, हे ध्यानी घेता हा नुसता अक्षरांचा पालट नव्हे हे उघड आहे. म्हणूनच जो ग्रंथपाल सोयीखातर सारे जुने अंक नव्या नावाखाली कोंबतो, तो १९३५ च्या येवल्याच्या घोषणेच्या वेळचे अंक अशा नावाखाली पुरतो, की जे त्या वेळी जन्मासही आले नव्हते. अभ्यासक ‘जनता’ हे कार्ड शोधतो, ते सापडत नाही, आणि कपाटात असलेले अंक नसल्यासारखे होतात. त्यातच रामकृष्ण संघाचे ‘प्रबुद्ध भारत’ हे इंग्रजी मासिक १८९६ पासूनचे. सूचीकार निष्काळजी असला तर दोन्ही एकाच खणात नांदू लागतात!

आमचा खानदेश १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला आणि पूर्व खानदेशाचा १९६० साली जळगाव जिल्हा झाला. यावलचा जुना कागद ‘जळगाव’ या नावाखाली मिळावयाचा नाही, हे महसुली कारकुनासही कळते. मग संपादकांसच का कळू नये? ‘पूर्वीचे अमुक’ ही एक ओळ वर्षभर मुखपृष्ठावर छापण्यास शाई ती किती लागणार? परंतु कित्येक जण वर्षाच्या मध्येच नाव फिरवितात, वर खंडाचा क्रमांकही पुन्हा एकपासून सुरू करतात. संगणक सर्व जुळवून देईल असे सांगणाऱ्यांनी, कोणी नोंदलेलाच नाही असा दुवा तो कोठून आणणार, हेही सांगावे.

सूचीकारांनी दोन्ही नावांच्या नोंदी स्वतंत्र ठेवून प्रत्येकीत दुसरीचा निर्देश करावा. मनुष्यबळ नाही ही सबब ऐकून आमचे कान किटले आहेत. एवढी नोंद करण्यास दहा मिनिटे पुरतात.