ट्रॉलीला ब्रेक कुणी लावायचा?

विलायतेत लोक मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सुटीला निघतात. त्याला तिकडे कॅरॅव्हॅन म्हणतात. आमच्या धाडमध्ये हे सांगितले तर लोक हसतील. घर सोडून हिंडायचे आणि घरच मागे ओढत न्यायचे! मलाही हसू आले होते. पण त्या हौशी मंडळींचे नियम वाचले आणि ते मावळले. नवशिक्याने मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅरॅव्हॅन जोडू नये, असा सल्ला तिकडे दिला जातो. ब्रिटनमध्ये ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात.

आता आपला हिशेब मांडू. मध्यम ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. रिकामी ट्रॉली दीड टन धरा, वर ६० क्विंटल मका. झाले साडेसात टन, म्हणजे ओढणाऱ्याच्या पावणेचारपट. आणि हे सगळे थांबवायचे कुणी? बहुधा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. कारण गावोगावच्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात.

सपाटीवर हे खपून जाते. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर वाटेल ते ओढतो आणि आपण त्याच्या ताकदीवर खूश होतो. उतार लागला की मामला फिरतो. तिथे ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारा जोर चौपट होतो, हे आपण शाळेत शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो.

काही वर्षांपूर्वी मावसभावाबरोबर मका घेऊन मलकापूरला निघालो होतो. बुलढाणा सोडून राजूर घाट लागला आणि भावाने डिझेल वाचवायला ट्रॅक्टर न्यूट्रल केला. वेग वाढल्यावर गिअर पडेना. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात. शेतात वळताना एकेक दाबायची, रस्त्यावर मात्र कडी लावून जोडायची. आमची कडी सुटीच होती. घाईत एकच पेडल दाबले गेले, ट्रॅक्टर गर्रकन वळला आणि ट्रॉलीने त्याला आडवे रेटले. डोंगराच्या अंगाला गेलो म्हणून वाचलो. भावाच्या गळपट्टीचे हाड मोडले. दरीचा अंग असता तर हा लेख लिहायला मी नसतो.

आजोबा बैलगाडी भरताना दहादा खालीवर बघत. पोती मागे सरकली की ओरडायचे, ‘‘उलाळ झाली ना बाप्पा, पुढं घे!’’ जुवावर थोडा भार हवाच. फार झाला तर बैलांच्या माना सुजतात. कॅरॅव्हॅनवालेही तेच करतात. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार ते जोडावर ठेवतात. दोन चाकी ट्रॉलीत मागे माल कोंबला तर ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. आणि ब्रेक तर त्याच चाकांना! बैलगाडीबरोबर ही समज गोठ्यामागेच राहिली काय?

दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण दंड रस्त्यावर होतो, चूक मात्र वेल्डिंगच्या दुकानातच झालेली असते. ट्रॉली बांधून घेताना पोती किती मावतील एवढेच विचारले जाते. ट्रॅक्टर विकणाराही हॉर्सपॉवर सांगतो. ब्रेक नसलेली ट्रॉली किती जड जोडावी, हे सांगत नाही. ब्रेक बसवून मिळतात. ते नसलेल्या ट्रॉलीची नोंदणी होऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च वाढतो, हे खरे. धान्याला भाव नसताना शेतकऱ्याला हे सांगणे मलाही जड जाते. भावाने ट्रॉलीला ब्रेक बसवले आणि ६० ऐवजी ३० क्विंटलच भरतो. एका खेपेच्या दोन झाल्या, म्हणून दर हंगामात माझ्यावर करवादतो. मी ऐकून घेतो.